कथलाचं पायदळ

पंच म्हणून बसलेल्या बाईंनी जोड्यांची चिठ्ठी उघडली, वाचली आणि चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला. त्या टोकाला माझा थोरला भाऊ उभा होता. आम्ही दोघं बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. आणि आता शेवटच्या फेरीत आम्हाला समोरासमोर उभं राहून लढाई खेळायची होती.

लढाई म्हणजे टेबलावरची. लोणावळ्याजवळ वलवणला धरणाच्या अलीकडे एक हॉलिडे होम आहे, त्याच्या हॉलमध्ये ही स्पर्धा भरते. पुण्याहून, साताऱ्याहून, नाशिकहून माणसं येतात. प्रत्येकाच्या पेटीत बोटाएवढ्या शिपायांचं सैन्य असतं, त्या त्या काळातलं, अगदी पागोट्यापासून जोड्यापर्यंत रंगवलेलं. टेबलावर डोंगर, नदी, गावं मांडायची, टेपनं अंतर मोजून सैन्य हलवायचं आणि टक्कर झाली की फासे टाकायचे. बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो. माझ्या बायकोला अजून वाटतो. पण एकदा का टेबलाशी उभं राहिलं की घशाला कोरड पडते, हे खेळल्याशिवाय कळायचं नाही.

माझं वडगावला रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. या बाई तळेगावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. रंगाच्या अगदी छोट्या डब्या मागायला यायच्या. एवढ्याशा रंगात काय रंगवता, असं विचारलं तर पर्समधून दोन शिपाई काढून काउंटरवर ठेवले. मी म्हटलं, "बाई, असले तर माझ्याकडेपण आहेत." घरात जाऊन डबा आणला. बाई त्या शिपायांकडे बघतच राहिल्या. त्यांनीच मला हा खेळ शिकवला. आणि पुढे कळलं, इंदुरीला जाऊन माझ्या भावालाही त्यांनीच शिकवला, मला ताकास तूर लागू न देता.

ते शिपाई अब्बांनी केलेले. अब्बा कल्हई करायचे. वडगावच्या बाजारात त्यांची भट्टी होती. भाता, नवसागर, कथलाची कांडी आणि समोर तांब्या-पितळेच्या भांड्यांचा ढीग. कथील महाग, म्हणून संध्याकाळी राखेतून सांडलेले थेंब वेचायचे. ते थेंब साठले की नदीकाठच्या चिकणमातीचा साचा करून त्यात ओतायचे. साचा फोडला की आत शिपाई. त्यामुळे एकासारखा दुसरा कधी झाला नाही आणि फुटलेला साचा परत वापरता आला नाही. अब्बांनी शिपायांना चेहरा कधी काढला नाही. नाक, डोळे, काही नाही. "ते आपलं काम न्हाई," म्हणायचे. त्यामुळे मीही डोळे रंगवले नाहीत. स्पर्धेत रंगकामाचे गुण असतात, त्यात दर वेळी माझे कापले जातात. एक पुणेकर तर मला म्हणाला, "काका, डोळे राहिलेत." मी म्हटलं, "तुम्हाला आहेत ना, पुरे झाले."

अब्बा गेल्यावर वाटणी झाली. घर वाटताना कोणी आवाज चढवला नाही. भट्टीची जागा, मागची खोली, भांडी, सगळं शांतपणे झालं. आमच्याकडे पद्धत अशी, की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागाच राहत नाही. शेवटी शिपायांचा डबा निघाला. भाईनं दोन वाटे केले. एका पंच्यावर सगळं घोडदळ, दुसऱ्यावर सगळं पायदळ आणि तोफा. मी बघतच राहिलो. अरे, सैन्य असं वाटतात का? अर्धे घोडे अर्धं पायदळ करायचं सोडून हे काय? आणि घोडे असे पुढे, हाताला लागतील असे मांडलेले. मला घोड्यांचं वेड आहे हे त्याला माहीत होतं. लहानपणी मी पायदळाला हात लावायचो नाही. मला वाटलं, यात काहीतरी मेख आहे. मी घोडे उचलावेत अशीच याची इच्छा आहे, म्हणजे पायदळात काहीतरी मोलाचं असणार. मी पायदळ उचललं. भाईचं तोंड उतरलं. ते बघून मला वाटलं, बरोबर पकडला. आणि मी ते मोठ्यानं बोललो. पाहुण्यांसमोर. भाई एक शब्द बोलला नाही. घोडे पंच्यात बांधले आणि इंदुरीला निघून गेला. तिथं त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानंतर ईदला नाही, लग्नकार्याला नाही. समोर दिसलाच तर आमच्यापैकी एक जण रस्ता ओलांडायचा.

तर असा तो भाऊ आता टेबलाच्या पलीकडे येऊन उभा राहिला. केस पिकलेले. हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. त्यानं पंचा सोडला आणि अब्बांचे घोडे एक एक करून बाहेर काढले. मी न बघितल्यासारखं करत होतो, पण नजर जायचीच. त्यानं सुरेख रंगवले होते. अबलख, कुमैत, एक पांढराशुभ्र. आणि एकाही स्वाराला डोळे नव्हते. माझ्या छातीत काहीतरी हललं. मग मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की माझी जीभ ताब्यात राहत नाही, हे माझ्या दुकानात येणारं कुठलंही गिऱ्हाईक सांगेल.

"नुसती घोडी घेऊन लढाई होत नसते," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

"नुसत्या पायदळानं बी होत न्हाई," तो म्हणाला.

त्याच्या घोड्यांमागे प्लास्टिकचे विकतचे प्यादे होते, माझ्या पायदळाच्या बाजूला विकतचे घोडे. नियमाप्रमाणे दोन्ही लागतातच. दोघांनीही आपापलं अर्धं सैन्य बाजारातून आणून भरलं होतं.

"मग असं करू," मी म्हटलं. "मी जिंकलो तर घोडी माझी. अब्बांची सगळी."

आजूबाजूचे दोन-चार जण जवळ सरकले. बाई म्हणाल्या, "अहो, असलं काही नको. खेळ आहे हा."

भाईनं माझ्याकडे बघितलं. "आणि मी जिकलो तर?"

"तर पायदळ तुझं."

"शब्द?"

"शब्द."

बोलून गेलो खरा. ते पायदळ माझ्या बिछान्याच्या उशाशी असतं. अब्बांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. भट्टीची जागा विकली, भाता गंजून गेला. पण शब्द दिला होता आणि ऐकायला अर्धा हॉल होता. आता माघार घेतली असती तर वडगावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

बाईंनी नियम सांगितला. एकानं मैदान मांडायचं, दुसऱ्यानं बाजू निवडायची. कोण मांडणार ते नाणं उडवून ठरणार. घंटा वाजेल तेव्हा मधल्या पुलावर ज्याचं पथक उभं असेल, तो जिंकला. नाणं पडलं. मैदान भाईनं मांडायचं ठरलं. म्हणजे पुन्हा तेच. थोरला वाटे करणार, धाकटा उचलणार. बाईंना ते माहीत नव्हतं, पण आम्हा दोघांना चांगलंच माहीत होतं. भाईचे हात टेबलावर फिरायला लागले आणि मी बघत राहिलो.

मधून नदी, नदीवर एकच पूल, खालच्या अंगाला एक उथळ उतार. पलीकडच्या बाजूला त्यानं चढ केला, चढावर गाव, गावाला दगडी कुंपणं, कुंपणामागे तोफा ठेवायला सपाट जागा, आणि तिथून पुलावर सरळ नजर. अलीकडच्या बाजूला नुसती शेतं. आडोशाला झाड नाही की बांध नाही.

पायदळ आणि तोफा घेऊन आलेल्या माणसाला चढावरचं गाव म्हणजे सोन्याहून पिवळं. कुंपणामागे बसायचं आणि पुलावर येईल त्याला टिपायचं. आणि घोडदळाला उघडी शेतं. वाटे अगदी चोख होते. तिथंच माझं डोकं फिरलं. इतके चोख? माझ्याशी पैज लावून हा मला इतकी चांगली जागा देईल? कशाला देईल? मी वाकून गावाच्या गल्ल्या बघितल्या. पुलाकडे उतरायची वाट अरुंद होती. असंय होय! मी गावात बसणार आणि हा माझी वाट अडवून मला आतच कोंडणार.

"शेतांची बाजू," मी म्हटलं.

भाईचा हात हवेतच थांबला. "बघ हां. नीट बघ."

"बघितलं."

"अजून एकदा बघ."

"तू मला शिकवू नको," मी म्हटलं आणि पायदळ उघड्या शेतात मांडायला घेतलं. बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पंचांना बोलायची मुभा नसते.

पहिला अर्धा खेळ माझाच होता. त्याचे घोडे चढावरच्या गल्ल्यांमध्ये अडकले. त्या अरुंद वाटेनं त्यांना एकामागून एक उतरावं लागत होतं आणि माझ्या तोफा त्यांना टिपत होत्या. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. बघ, कोंडणार होतास ना मला, आता तूच कोंडलास! नियम असा, की पडलेला स्वार टेबलावरून उचलून बाजूला ठेवायचा. अब्बांचा एक एक घोडा भाई उचलायचा आणि पंच्यावर ठेवायचा. आडवा टाकत नव्हता, उभा ठेवत होता, तोंड टेबलाकडे करून. मीही मग माझे पडलेले शिपाई तसेच उभे ठेवायला लागलो. का ते मला सांगता येणार नाही.

माझं पायदळ पुलावर पोचलं. घंटेला थोडाच वेळ उरला होता. बाकीच्या टेबलांवरचे खेळ संपले होते आणि सगळे आमच्याभोवती गोळा झाले होते. तेवढ्यात भाईची उरलेली घोडी वाटेतून बाहेर निघाली. त्यानं ती पुलाकडे आणलीच नाहीत. खालच्या अंगाला तो उतार होता, नदी तिथं उथळ धरलेली, ती जागा मी विसरलोच होतो. तिथून घोडी पार झाली आणि सरळ माझ्या उघड्या शेतात, माझ्या पायदळाच्या कुशीवर. आडोसा म्हणावा तर एक झुडूप नाही. ती बाजू मीच मागून घेतली होती.

टक्कर झाली. आता माझ्या पायदळाचा धीर टिकतो की नाही, ते फासा ठरवणार होता. चार किंवा वर पडलं तर पूल माझा आणि घोडी माझी. खाली पडलं तर पायदळ पळालं आणि पायदळ त्याचं. फासा शर्टाला पुसला. मनात अब्बांचं नाव घेतलं. टाकला.

फासा घरंगळत गेला आणि टेबलावरच्या गावाच्या कुंपणाला टेकून तिरका उभा राहिला. वर दिसत होते पाच.

लोकांनी श्वास सोडला. माझ्या तोंडून "या अल्ला" निघालं. पण बाई वाकल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "तिरका आहे. समोरच्यानं मान्य केला तर धरता येईल. नाहीतर पुन्हा टाकावा लागेल."

सगळ्यांनी भाईकडे बघितलं. तो जरासुद्धा थांबला नाही.

"पाचच हाय तो," तो म्हणाला. "धरा. पूल त्याचा."

मला तेव्हा गप्प बसायचं होतं. देवाशपथ सांगतो, मला फक्त गप्प बसायचं होतं. घोडी माझी झाली होती. पण त्याचा तो शांत आवाज कानात शिरला आणि माझं टाळकं सटकलं. हा मला देतोय? इतक्या लोकांसमोर थोरला होऊन मला भीक घालतोय? उद्या इंदुरीत सांगत फिरेल, मी सोडला म्हणून जिंकला.

"मला तुझी मेहरबानी नको," मी म्हटलं. फासा उचलला आणि पुन्हा टाकला.

दोन.

पायदळ पळालं, भाईची घोडी पुलावर चढली आणि घंटा वाजली. कोणीतरी एक टाळी वाजवली आणि मग थांबला. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आमच्याकडे न बघता चहाकडे निघून गेल्या. लोक पांगले. टेबलाशी आम्ही दोघंच उरलो.

मी पायदळ डब्यात भरायला घेतलं. माझ्या डब्यात कापूस असतो, प्रत्येकाला गुंडाळून ठेवायची सवय. एक तोफची गुंडाळला, मग दुसरा, मग मला पुढचं दिसेना. भाई हलला नाही. घ्यायला हातही पुढे केला नाही.

"चढ तुझ्यासाठी मांडला होता," तो म्हणाला. "तोफा हायेत तुझ्याकडं म्हणून."

मी डब्यातला कापूस सारखा केला.

"घोडीबी तवा तुझ्यासाठीच ठेवली होती. म्हटलं, अर्धी अर्धी केली तर ह्याला निम्मीच मिळतील. सगळी घेऊ दे. पुढं मांडली, की दिसावीत."

"मग तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलोच. चहाच्या टेबलाशी लोकांनी वळून बघितलं. बघेनात! "इतकी वर्षं! एक वाक्य बोलता येत नव्हतं तुला? मुका होतास?"

"वाटे करणाऱ्यानं बोलायचं नसतं," तो म्हणाला. "बोललो असतो तर तू म्हणला असतास, मला शेंडी लावतोय. चारचौघात तेच बोललास न्हाई का तू."

मी उरलेले शिपाई भरले. डबा बंद केला आणि त्याच्यापुढे सरकवला. मनातून वाटत होतं, हा आता नको म्हणेल, परत देईल. तो असं काही म्हणाला नाही. डबा उचलला, काखेत धरला, घोड्यांचा पंचा दुसऱ्या हातात घेतला. जाताना दारात थांबला आणि पाठमोराच म्हणाला, "शुक्रवारी दुकान बंद असतं माझं."

लोणावळ्यातून वडगावला येईपर्यंत मी स्कूटरवर रडत होतो. शनिवार-रविवारच्या पर्यटकांच्या गाड्यांच्या गर्दीत हेल्मेटच्या आत कोण बघतंय? घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हळहळेल. ती म्हणाली, "शुक्रवारी किती वाजता जाणार?"

"कुठं जाणार?"

"अहो, बोलावलंय तुम्हाला त्यांनी. दुकान बंद असतं हे काय उगाच सांगितलं का? तुम्ही दोघं भाऊ म्हणजे ना, दगडाला पाझर फुटेल एक वेळ."

मी जाणार नाही म्हटलं. गुरुवारपर्यंत तेच म्हणत होतो. शुक्रवारी नमाज झाल्यावर स्कूटर काढली, ती इंदुरीच्या रस्त्याला लागली. भाईच्या दाराशी येऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. भाभी बाहेर आली. म्हातारी दिसत होती, की मला तसं वाटलं. "भाऊजी, उन्हात कशाला उभे?" एवढंच म्हणाली, जसा काही मी परवाच येऊन गेलो होतो.

आत भाई जमिनीवर बसला होता. समोर चादर पसरलेली. चादरीवर अब्बांचं सगळं सैन्य, घोडी, पायदळ, तोफा. मी इतक्या वर्षांत ते एकत्र बघितलं नव्हतं. आणि त्यानं त्याचे दोन वाटे केले होते.

"आता सगळं माझं हाय," तो म्हणाला, "म्हंजे वाटायचा हक्क बी माझाच. बस."

मी बसलो. त्यानं वाटे केले आणि हात मागे घेतले. तोंड गच्च मिटून माझ्याकडे बघत बसला. धाकट्यानं आधी उचलायचं. मला माहीत होतं की मी आता खाली बघितलं, तर मोजणार. इकडे किती घोडे, तिकडे किती, पांढरा कुठं ठेवलाय, का ठेवलाय. माझा स्वभावच तसा आहे. म्हणून मी भाईच्या तोंडाकडेच बघत राहिलो, हात पुढे केला आणि जो वाटा हाताला लागला तो ओढून घेतला.

"बघून तरी घे," भाई म्हणाला.

"काय बघायचंय?" मी म्हटलं. "तूच केलेत ना?"